उकळत्या पाण्याचा आकडा

"अठ्ठ्याण्णव," ज्योत्स्ना म्हणाली. "परत अठ्ठ्याण्णवच!"

पातेल्यातलं पाणी खळाखळा उकळत होतं. त्यात दोन सळया सोडलेल्या. दोन्हींच्या वायरी ओट्यावरच्या छोट्या डबीत गेल्या होत्या आणि डबीच्या काचेवर दोन्हीकडे एकच आकडा हटून बसला होता. सळया तळाला टेकू नयेत, असं पुस्तिकेत लिहिलं होतं, म्हणून भिकाजींनी त्या चिमटीत धरल्या होत्या.

मघाशी बर्फाच्या पाण्यात याच सळयांनी चोख शून्य दाखवलं होतं. आता शंभर यायला हवे होते. लोणावळ्यातल्या या चिक्कीच्या कारखान्यात वडिलांच्या माघारी ज्योत्स्ना बसायला लागली, त्याला वर्ष होत आलं होतं. हा तापमापक तिने हौसेने मागवला होता. सळया तपासून घेतल्याचा प्रयोगशाळेचा दाखला सोबत होता, सहीशिक्क्यानिशी.

"तो दाखला काय चाटायचाय?" ती वैतागली. "दोन डिग्री खातंय बघा. आणि काका, हात काढा ना, केवढी वाफ आहे!"

"सवय हाय, ताई," भिकाजी हसले.

भिकाजी तिकोणा पेठेचे. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा, चिमटीत दाबून बघायचा आणि कढई कधी उतरवायची ते सांगायचं, हे काम छत्तीस वर्षं त्यांचं. त्यात दुसऱ्या कुणी बोट घातलं नव्हतं. पण तक्रारी वर्षभर येत होत्या; गेल्या महिन्यात तर तीनदा माल परत आला. चिक्की दाताला चिकटते म्हणे. भिकाजींनी गुळावर ढकललं. गूळ बदलला, तरी तेच. म्हणून हे यंत्र आलं. ते एकदा कढईत उतरलं, की आपलं इथलं दाणापाणी संपलं, हे भिकाजींना कुणी सांगायला नको होतं.

ज्योत्स्नाने गॅस बंद केला, वायरी गुंडाळल्या.

"उद्याच परत पाठवते. तुमच्या बोटांपुढे कसलं यंत्र! आजची कढई तुम्हीच बघा, काका."

भिकाजींच्या छातीवरची धोंड उतरली. आता फक्त गप्प बसायचं. पांडुरंगानेच सोडवलं, म्हणून त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे उभे राहिले ते कीर्तनातले बुवा.

काही वर्षांपूर्वी तिकोणा गडावर हनुमान जयंतीचा उत्सव होता. आचारी भिकाजीच आणि कीर्तनात मृदंगावरही तेच. पाणी केव्हाचं उकळत होतं, पण डाळ काही शिजेना. बुवांनी कीर्तनात तीच डाळ दृष्टान्ताला घेतली. "बाबांनो, उंचावरचं पाणी लवकर उकळतं, पण खालच्याइतकं तापत नाही. खळखळ ऐकून डाळ शिजली समजू नका. माणसाचंही तेच. उंच बसला, खळखळला, म्हणजे तापला असं नाही!" मंडप हसला होता. मृदंगावर भिकाजींनी खणखणीत थाप दिली होती. तो मृदंगही त्यांनी दोन वर्षांपूर्वी खाली ठेवला. गुडघे धरलेत, मांडी घालवत नाही, असं गावाला सांगितलं.

इकडे यंत्राच्या खोक्यावर चिकटपट्टी बसत होती.

"ताई, थांबा. नका धाडू परत."

"का हो?"

"आपून घाटमाथ्यावर हाय. हितं पाणी शंभराच्या आधीच उकळतं. खाली कर्जतला न्या, तितं शंभराला टेकंल."

ज्योत्स्नाने मोबाइल काढला. लोणावळ्याची उंची पाहिली, आणखी काही वाचलं आणि कपाळावर हात मारून हसली. "खरंच की! अठ्ठ्याण्णवच यायला हवे होते. मी शहाणी बर्फातलं शून्य बघूनही दाखल्यालाच नावं ठेवत होते. म्हणजे यंत्र बरोबर. गूळही बदलून झाला. मग काका, बिघडलंय तरी काय?"

भिकाजींनी उजवा हात तिच्यापुढे उघडला. सळया जिथे धरल्या होत्या, तिथे चिमटीवर दोन टपोरे फोड उठले होते. तिला ते दिसले, तेव्हाच त्यांनाही दिसले.

"यंत्राला ताप कळतोय, ताई," ते म्हणाले. "ह्या बोटास्नी दोन वर्सं झाली, कळत न्हाई."