तळ्याकाठची सावली

हेरंब ज्वालामुखीच्या तळ्याकाठी कॅमेरे दुरुस्त करायला उतरला आणि मागे दरड कोसळून वाट बुजली. कॅमेऱ्यांच्या चित्रात कुणी दिसत नाही, म्हणून हवामान केंद्रप्रमुख मोकाशी हेलिकॉप्टर धाडायला तयार नव्हते.

"दिसेल कसा?" त्याची बायको विशाखा कडाडली. "तुमचं यंत्र माणसं तिथल्या तिथे पुसतं. लोकांना नुसते ढग आणि पाणी बघायचंय ना!"

"वहिनी, ते हेरंबनेच शिकवलंय त्याला," मोकाशी पाठमोरे चहा ओतत म्हणाले.

हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! जेवतानासुद्धा तो पडद्यावर चुकून उरलेल्या पर्यटकावर बोट टेकवायचा, "हा कचरा," म्हणायचा आणि यंत्र त्याला पुसून टाकायचं.

समोर केंद्राच्या पडद्यावर तळ्याकाठचं गेल्या काही दिवसांचं हवामान मिनिटभरात धावत होतं. धुकं उकळत वर यायचं, पाऊस सरायचा आणि ऊन पडलं की पांढऱ्या राखेवर एक सावली उमटायची. माणूस पुसलेला, सावली तेवढी राहिलेली. दर वेळी दोन्ही हात वर केलेली.

"हा बघा माझा हेरंब!" तिने सावलीवर बोट ठेवलं.

लगेच मागेही घेतलं.

मोकाशी वळले, तेव्हा कोऱ्या राखेवरून ढग धावत होते.

"कुठंय, वहिनी?"