नौका कुणाच्या?

हाँगकाँगच्या सचिवालयात तिसऱ्या दिवशीही घासाघीस संपली नव्हती. लंडनहून आलेल्या पेनरोझसाहेबांनी टेबलावर गस्तीनौकेची पितळी प्रतिकृती ठेवली. “अशा पाच नौका. तीन वाटे खर्च तुमचा, एक वाटा आमचा. बंदर तुमचंच राखणार ना?” ब्रिटिश वसाहतीच्या खजिन्याचे अधिकारी लाऊ कोळ्याच्या घरातले; बोट घेताना आधी तळ बघायचा, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. “पैसा जास्त आमचा. मालकी कुणाची?” “अर्थात राणीची.” “आणि उद्या तुम्ही इथून गेलात तर?” पेनरोझ हसले. “लाऊ, फारच संशयी बुवा तुम्ही!” “असेन. मग करारात एवढीच ओळ घाला, साहेब: जाताना नौका इथेच ठेवू.” पेनरोझांचं हसू मावळलं. तीन दिवस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांच्या जिभेवर होतं. “त्यासाठी लंडनला विचारावं लागेल.” लाऊंनी पेनाला टोपण लावलं. “विचारा. आम्ही थांबतो. आम्हाला कुठे जायचंय?”