ज्याचं कार्ड, त्याचं पान

आवक-जावकच्या बाईंनी कार्ड पुन्हा टेकवलं आणि मशीनवरचा दिवा पुन्हा लाल झाला.

"घेत नाही हो," बाई म्हणाल्या.

"घेईल, घेईल. नवं आहे ना, जरा नखरे करतंय," मशीनवाला म्हणाला आणि हसला. हसू काही नीट जमलं नाही.

सकाळपासून सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. नवा प्रिंटर म्हणजे कपाटाएवढं धूड, पण पानं अशी सपासप बाहेर टाकत होता की बघायला अख्खं ऑफिस जमलं होतं. आपल्या टेबलावरून पान पाठवायचं, मशीनपाशी येऊन कार्ड टेकवायचं, की पान उपडं होऊन बाहेर. तोवर ते आतच अडकून राहणार.

"ज्याचं कार्ड, त्याचंच पान," मशीनवाल्यानं साहेबांना छाती फुगवून सांगितलं होतं. "कार्ड बंद, तर पान बंद. इथं वशिला चालत नाही."

"आणि तुमच्या गळ्यातलं ते पिवळं कार्ड?" साहेबांनी विचारलं होतं.

"यानं सगळं उघडतं. पण फक्त बिघाड काढायला. यानं मी कुणाचं पान काढत नाही."

साहेब नुसतं "बरं" म्हणाले होते. संध्याकाळी चाचणी पास झाल्याची सही तेच करणार होते. सही मिळाली तर मशीनवाला कंपनीत कायम होणार होता. नाही मिळाली तर काय, ते त्याच्या वरिष्ठानं फोनवर सांगून टाकलं होतं: "मागच्या ठिकाणी माती खाल्लीस. इथंही खाल्लीस तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नकोस." बायकोनं निघताना दोनदा विचारलं होतं, "होईल ना रे या वेळी?" आणि त्यानं दोन्ही वेळा बुटाच्या नाड्या बांधायचं सोंग केलं होतं.

आता जेवणाची सुट्टी होती. मशीनपाशी दोघंच होते. त्यानं लॅपटॉपवर बाईंचं नाव शोधलं. नावावर आडवी रेघ होती. पुढे लिहिलं होतं, 'आजपासून बंद'. साहेबांच्याच खात्यावरून ते बंद केलं होतं.

म्हणजे बाईंना कामावरून काढलं होतं. आणि बाईंना त्याचा पत्ताच नव्हता!

काय माणसं असतात एकेक. निदान तोंडावर तरी सांगावं की नाही? मागच्या नोकरीत त्याचंही असंच झालं होतं. एका सकाळी फाटकावर त्याचं कार्ड चाललं नाही. मागे रांग खोळंबली, लोक ओरडले, "अहो, सरका ना बाजूला!" रांगेला कळलं तेव्हाच त्याला कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस कुठलंही फाटक दिसलं की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा. आत्ताही सुटला होता.

"महत्त्वाचं होतं का काही?" त्यानं लॅपटॉप हळूच मिटत विचारलं.

"रजेचा अर्ज. आईला उद्या दवाखान्यात न्यायचंय."

रजेचा अर्ज! जिला कायमची रजा देऊन मोकळे झालेत, ती बिचारी एका दिवसासाठी अर्ज करतेय. त्याला गलबलून आलं.

"माझ्या कार्डाचा काही घोळ आहे का?" बाईंनी विचारलं.

"छे छे! मशीनचाच आहे."

"मग मी साहेबांनाच विचारून येते."

"साहेबांना कशाला उगाच!" तो जवळजवळ ओरडलाच. साहेबांच्या दारात उभ्या उभ्या हे ऐकायचं आणि सगळ्यांच्या देखत परत यायचं. नको रे बाबा. उद्या आईचं तरी पार पडू दे.

बाईंनी त्याच्या गळ्याकडे पाहिलं. "तुमच्या कार्डावर निघेल? नसेल चालत तर नको हं. स्पष्ट नाही म्हणा. मला राग नाही यायचा."

नाहीच म्हणायला हवं होतं. त्याला ते ठाऊक होतं. पण जीभ रेटेना. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पिवळं कार्ड टेकवलं आणि उपडं आलेलं पान तसंच बाईंच्या हातात दिलं.

"बघत नाही नीट आलंय का ते?"

"तुमचं खासगी आहे. मी कशाला बघू?"

बाईंनी पान तसंच उपडं धरलं. "फार भले आहात हो तुम्ही," म्हणाल्या आणि भराभर निघून गेल्या. आवाज कापरा होता. अंदाज आला असेल बिचारीला, त्याला वाटलं.

संध्याकाळी साहेबांच्या खोलीत सगळं झकास झालं. वेग पास, कागद एकदाही अडकला नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि तेवढ्यात बाई आत आल्या. तेच पान हातात, तसंच उपडं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"आलं?" साहेबांनी विचारलं.

"यांच्या कार्डावर," बाई म्हणाल्या. त्या मशीनवाल्याकडे बघत नव्हत्या.

आता काही राहवेना त्याला. "साहेब, माझं काय व्हायचं ते होऊ द्या. पण माणसाला कामावरून काढताना निदान आधी सांगावं हो. यांची आई आजारी आहे."

"कुणाला काढलंय कामावरून?" साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं आणि पान उलटलं. दोन्ही बाजूंनी कोरं होतं.

"बाईंचं नाव सकाळी मीच पुसायला लावलं होतं," साहेब म्हणाले. "नाव पुसलेल्या माणसाचं पान बाहेर येतं का, तेवढंच बघायचं होतं. तुमच्या मशीननं नाही दिलं हो."