चौकटीवरचा हात

बहारीनच्या राजधानीत, मनामात नवी आलेली मराठी मुलगी आधी झिंज भागात स्मिताकाकूंकडेच उतरायची. लीना पेझारकरही तिथेच उतरली. "आपण ज्यू आहोत हे तिकडे कुणाला बोलू नकोस," आईने निघताना बजावलं होतं. "पेझारकर म्हटलं की कोकणातले. पुढे कुणी विचारत नाही." खरंच कुणी विचारलं नाही. काकूंच्या देवघरासमोर ती आरतीलाही उभी राहिली.

आज ऑफिसच्या पहिल्याच दिवशी, घाईत बाहेर पडताना तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला. अलिबागच्या घरी तिथे मेझुझा होता, धर्मवचन ठेवलेली छोटी डबी. त्याला स्पर्श करून बोटं ओठांना लावल्याशिवाय घरातलं कुणी बाहेर पडत नसे. इथे नुसतं लाकूड होतं. तरी बोटं ओठांना टेकलीच, आणि मागून काकूंचा आवाज आला, "थांब."

काकूंनी तिला आत ओढून दार लावून घेतलं. लीनाने बोटं मुठीत मिटली. "काकू, ते... सहजच."

"ओठांना नाही लावायची गं," काकू अगदी हळू म्हणाल्या. "कपाळाला लावायची. लोकांना वाटतं, नमस्कार करते. मी अजून करते, हे ह्यांनासुद्धा ठाऊक नाही."