फडक्यांचं वजन

खर्डा गावाच्या पलीकडच्या एका लहानशा दवाखान्यात एस्तेर दुपारी बाळंत झाली. रक्त किती गेलं ते कळावं म्हणून नर्स रेश्माताईंनी भिजलेली फडकी वजनकाट्यावर ठेवली. काटा फारसा हलला नाही. तरी एस्तेरचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"अजून फडकी आहेत का कुठं?" त्यांनी विचारलं.

एस्तेरनं तोंड भिंतीकडं वळवलं. "लई खराब झाली हुती, ताई. कुनी बघंल म्हनून लाज वाटली. गादीखाली दडवली."

रेश्माताईंनी गादीची कड उचलून फडक्यांचा बोळा बाहेर काढला. फडकी पांढरीशुभ्र होती, कोरडी, हाताला हलकी. त्यांनी तो बोळा काट्यावर टाकला, तसा काटा थेट शेवटच्या टोकाला गेला.

डॉक्टरांना हाक मारत त्या रक्त थांबावं म्हणून एस्तेरचं पोट चोळू लागल्या. रक्त कुठंच दिसत नव्हतं. चादर कोरडी होती, हातमोजे कोरडे होते.

"रागावू नका, ताई," एस्तेर पदरानं तोंड झाकून पुटपुटली. "परत भिजलं."

रेश्माताईंनी तिच्या खालचं घडीचं फडकं ओढून घेतलं. तेही कोरडंच होतं. पण दोन्ही हात लावूनही ते त्यांना पेलवेना.