बोलण्याचं क्रियापद

देवासचा माधव सरवटे एका पाद्रींकडे चार वर्षं लॅटिन शिकला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. त्या दुपारी ओसरीवर बसून तो दोन तरुण वकिलांना बोलण्याचं क्रियापद समजावून देत होता.

"लोक्वोर, मैं बोलता हूँ. लोक्वेरिस, तू बोलता है. लोक्वितुर, वो बोलता है. रूप कर्मवाच्य का, पर अर्थ कर्तृवाच्य का. समझे भिया?"

तेवढ्यात धारहून अक्काचं आंतरदेशीय पत्र आलं. अक्का म्हणजे त्याची आई. दोन महिन्यांपूर्वी ती कारण न सांगता अचानक धाकट्या मुलाकडे निघून गेली होती. का गेलीस, म्हणून माधवने हिंदीतून तीन पत्रं लिहिली होती.

त्याने घाईघाईने पत्र उघडलं. पण त्याची सगळी शाळा हिंदीतून झालेली. मराठी घरात बोलण्यापुरतीच येई. अक्काचं जुन्या वळणाचं, धावतं मराठी अक्षर त्याला काही केल्या लागेना. वकील बघत होते. माधव ओशाळला आणि त्याने बायकोला हाक मारली. जयवंती पुण्याची, मराठीतून शिकलेली.

"जरा वाचून दाखव गं. मोठ्याने वाच."

पदराला हात पुसून तिने पत्र घेतलं आणि वाचायला लागली.



"चिरंजीव माधवास अनेक आशीर्वाद. मी का गेले, ते तुला एकट्यालाच सांगते आहे. हे पत्र सूनबाईच्या हाती पडू देऊ नकोस…"