वीस किलो भगर

तोतारामने पिठाची चिमूट नाकाशी नेली. वास जवळजवळ गेला होता.

दुकानामागच्या गळक्या गोदामात भगरीचं पोतं भिजलं होतं, बुरशी धरली होती. त्याने भगर उन्हात वाळवली, दळून आणली आणि तेवढंच चांगलं पीठ तिच्यात मिसळलं. एकादशीच्या महाप्रसादाला वीस किलो भगर देतो, असं तो माइकवरून सगळ्या नरडाणा गावासमोर बोलून बसला होता.

गोणी शिवताना हात थांबला. आत कोणीतरी म्हणालं, नको.

"शिजल्यावर काय होतंय!" असं पुटपुटत त्याने सुई ओढली.

संध्याकाळी गोणी मंदिरात पोचवून तो कीर्तनाला पहिल्या रांगेत बसला. रंगात आलेला मृदंग थांबला, टाळ थांबले, आणि महाराज हळूच म्हणाले, "आतून 'नको' ऐकू येतं ना, मायबाप, तो देवच बोलत असतो. एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगतो. तिसऱ्यांदा गप्प बसतो."

मग त्यांनी चाल उचलली आणि अख्खा मांडव गाऊ लागला. तोतारामचे डोळे भरून आले.

शेजारच्या झुलालआबांनी कोपर मारलं. "नाना, महाराज तुमनाकडेच देखीसन बोलनात बरं!"

तोताराम हसला. गोणी वीस पावलांवर, स्वयंपाकाच्या शेडमध्ये होती. तो उठला नाही.

सकाळी दुकानातून त्याने बायकोला फोन केला. "सुनंदा, आज मंदिरातलं कोणी खायचं नाही. गर्दी, उघडं अन्न. दिपमालाला तर मुळीच नको, सातवा चाललाय तिला. घरीच करा फराळ."

"उपासच करू नको म्हटलं मी तिला," सुनंदाबाई म्हणाल्या. "बापावर गेलीये. ऐकते कुठे!"

दुपारी पंगती बसल्या. तोताराम वाढत होता, स्वतः मात्र घोटभर पाण्यावर. लोक कौतुकाने बघत होते. तो एकेक चेहरा न्याहाळत होता.

दोन वाजले. चार वाजले. कुणाला उलटी नाही, चक्कर नाही. पोरं मांडवात हुंदडत होती.

त्याने मोठा श्वास सोडला. उगाच घाबरलो.

घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. झोपल्या असतील. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही.

शेडमध्ये स्वयंपाक सांभाळणाऱ्या कुंदाबाई पातेली घासत होत्या. तोताराम हसतच म्हणाला, "काय कुंदाबाई, आमची भगर गोड लागली ना गावाला?"

"नाना, तुमनी गोणी तं उघडनीच नही," कुंदाबाई म्हणाल्या. "भगर भलती जमी गयी व्हती. मंग सकायेच वर तुळशीनं पान ठेवीसन, परसाद म्हनीसन तुमना घर पोचाडी दिनी. सुनंदाअक्का म्हने, बरं व्हयनं, नानांनी आज घरनंच फराळ कराले सांगेल शे."